‘बिबट्या दिसला’ म्हणण्यापूर्वी

९ जून २०२४ च्या संध्याकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात केंद्रीय मंत्रिमंडळाचा शपथविधी चालू होता. खासदार दुर्गादास उइके शपथ घेऊन, कागदावर स्वाक्षरी करून उठत असताना त्यांच्या मागच्या बाजूने एक चतुष्पाद प्राणी संथपणे चालत गेला. थेट प्रक्षेपणातील ती काही क्षणांची चित्रफीत रातोरात देशभर फिरली आणि असंख्य लोकांनी निर्वाळा देऊन टाकला की तो बिबट्या आहे. दुसऱ्या दिवशी दिल्ली पोलिसांना जाहीर करावे लागले की तो वन्य प्राणी नव्हे, साधे घरगुती मांजर आहे. लोक हसले आणि विषय मागे पडला.

खरे तर तो तेवढ्यावर सोडून देण्यासारखा नव्हता. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या चित्रफितीवर एक तास खर्च केला असता तर वर्षभराच्या व्याख्यानांत न मिळणारे काही हाती लागले असते. पूर्ण वाढलेल्या बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६० ते ७० सेंटीमीटर असते, घरगुती मांजराची सुमारे २५. फरक साधारण अडीचपटीचा आहे. तो झाकला गेला याचे कारण कॅमेऱ्याच्या भिंगात आहे. दूरवरचे दृश्य जवळ ओढणारे भिंग अंतराची जाणीव पुसून टाकते. पुढचा माणूस आणि खूप मागचे मांजर एकाच पातळीवर उभे असल्यासारखे वाटतात. अशा वेळी प्राण्याकडे पाहण्याआधी त्याच्या शेजारच्या वस्तूकडे पाहायचे असते. खांब किती रुंद आहे, पायरी किती उंच आहे, प्राण्याची पाठ तिच्या कुठवर पोचते? सस्तन प्राण्यांच्या प्रत्येक चांगल्या फील्ड गाइडमध्ये वर्णनाबरोबर लांबी, उंची आणि वजनाचे आकडे दिलेले असतात. बहुसंख्य वाचक नेमके तेच आकडे ओलांडून रंगीत चित्राकडे धावतात.

दिल्ली आणि भोवतीच्या राजधानी क्षेत्रात या धावण्याची किंमत मोजावी लागते, कारण इथे बिबट्या ही नुसती अफवा नसते. जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या पश्चिम भागातील एका गृहसंकुलात बिबट्या दिसल्याच्या वृत्ताने रहिवासी हवालदिल झाले, वनविभागाची पथके शोध घेत राहिली आणि हाती काही लागले नाही. त्यानंतर महिनाभरातच, ८ फेब्रुवारीला, गाझियाबादच्या जिल्हा न्यायालयात खराखुरा बिबट्या शिरला आणि त्याने अनेकांना जखमी केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दक्षिण दिल्लीच्या सैनिक फार्म परिसरात बिबट्या फिरताना आढळला. १ एप्रिल २०२४ रोजी बुराडीजवळच्या जगतपूर गावात आणखी एक शिरला. तिथेही माणसे जखमी झाली. म्हणजे आलेली प्रत्येक हाक खोटी मानून चालत नाही आणि खरी मानूनही चालत नाही. वनविभागाकडे मनुष्यबळ मोजके असते. मांजरामागे धावण्यात गेलेली रात्र बिबट्याच्या वाट्याची असते.

उलट बाजूही आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये गुरुग्राम जिल्ह्यातील सोहन्याजवळच्या मंडावर गावात शिरलेल्या बिबट्याला जमावाने ठार मारले. तिथे प्राणी ओळखण्यात चूक नव्हती. पण ज्या भागात झुडपातली प्रत्येक हालचाल ‘तेंदुआ’ ठरते, तिथे लाठ्या आधीच हातात आलेल्या असतात. अरवलीच्या या टेकड्यांत तरस आहे, कोल्हा आहे, रानमांजर आहे, साळिंदर आहे. यांपैकी कोणीही अंधारात ‘बिबट्या’ होऊ शकतो. तरसाचे हिंदी नाव लकडबग्घा. त्या नावातच ‘बाघ’ बसलेला आहे! महाराष्ट्रातही याहून फार वेगळे नाही: पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत बिबट्याला सरसकट ‘वाघ’ म्हणतात आणि बातमीदार ते जसेच्या तसे छापून मोकळा होतो.

फील्ड गाइड हा वाङ्मयप्रकार मुळात पक्ष्यांसाठी वाढला, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांनी पक्ष्यांच्या चित्रांवर छोट्या रेघा ओढून ओळखीच्या खुणा दाखवल्या आणि हातात पुस्तक घेऊन प्राणिजगत पाहण्याची एक नवी सवय जन्माला आली. पक्षी दिवसा हिंडतो, आवाज करतो, फांदीवर बसून आपले रंग दाखवतो. सस्तन प्राणी यांतले बहुधा काहीच करत नाही. तो रात्री निघतो, मातकट रंगाचा असतो आणि माणसाची चाहूल लागताच नाहीसा होतो. म्हणून त्याच अमेरिकी मालिकेत सस्तन प्राण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले, तरी दोनच वर्षांनी ओलॉस म्यूरी यांचे निव्वळ ठशांचे आणि मागे राहिलेल्या खुणांचे स्वतंत्र पुस्तक काढावे लागले. प्राण्याच्या चित्रांचे पुस्तक एकटे पुरत नाही, ही त्यातली अनुच्चारित कबुलीच होती.

भारतातली परंपरा याहून जुनी आहे, पण ती बराच काळ संग्रहालयांतून वाढली. जर्डन, स्टर्नडेल, ब्लॅनफर्ड, पोकॉक यांचे ग्रंथ कातडी, कवटी आणि दात टेबलावर मांडून लिहिलेले आहेत. जंगलात उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा थेट उपयोग थोडाच. ती भिंत ओलांडली मुंबईने. सालिम अली यांचे पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ चे. त्यापाठोपाठ १९४८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने एस. एच. प्रेटर यांचे ‘द बुक ऑफ इंडियन अॅनिमल्स’ प्रसिद्ध केले. प्रेटर हे सोसायटीचे क्युरेटर, आणि शिवाय अँग्लो-इंडियन समाजाचे पुढारी म्हणून घटनासमितीचे सदस्य. तरसाच्या सवयी आणि देशाची घटना या दोन्ही विषयांत एकाच काळात लक्ष घालणारा दुसरा माणूस शोधून सापडणे कठीण. त्यांच्या पुस्तकावर अनेक पिढ्या वाढल्या. पुढे विवेक मेनन यांची २००३ आणि २०१४ ची मार्गदर्शक पुस्तके आली. मेनन यांनी स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय नोएडाचेच. पुस्तकांची वानवा आहे, अशी तक्रार राजधानी क्षेत्रातल्या विद्यार्थ्याला करता येणार नाही.

वानवा आहे ती वाचनपद्धतीची. सर्वसाधारण वाचक पुस्तक उघडतो, चित्रे चाळतो, मनात ठसलेल्या प्राण्याशी जुळेल असे चित्र सापडले की थांबतो. याला ओळख पटवणे म्हणत नाहीत, ही जोडी जुळवणे झाली. जाणकार उलट्या दिशेने जातो. तो आधी नकाशा पाहतो: या जिल्ह्यात कोणकोणत्या जाती आढळतात? मग अधिवास पाहतो, मग वेळ, मग आकार, आणि चित्राकडे सर्वांत शेवटी वळतो, तेही उरलेल्या दोन-तीन जातींतला फरक पाहण्यासाठी. ‘हा कोण आहे?’ यापेक्षा ‘हा कोण असू शकत नाही?’ हा प्रश्न त्याला अधिक जवळचा असतो. भारतात सस्तन प्राण्यांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. दिल्लीच्या एखाद्या विद्यार्थ्यासमोर येऊ शकणाऱ्या मोठ्या आणि मध्यम प्राण्यांची संख्या मात्र दोन्ही हातांच्या बोटांवर फार तर दोनदा मोजता येईल. नकाशाच्या एका नजरेने पुस्तकाची बहुतेक पाने बाजूला पडतात.

सरावाला बिबट्याची गरज नाही. लोदी गार्डनमधली खार पुरते. दिल्लीत सर्वत्र दिसणारी खार पाच पट्ट्यांची आहे. दक्षिण भारतात आढळणारी तिची बहीण तीन पट्ट्यांची. रामाने सेतू बांधताना पाठीवरून फिरवलेल्या तीन बोटांची गोष्ट उत्तरेतही तितक्याच आवडीने सांगतात, पण उत्तरेतल्या खारीच्या अंगावरचे बाहेरचे दोन फिके पट्टे त्या गोष्टीत बसत नाहीत. ते दोन पट्टे खरोखर मोजून पाहणारा विद्यार्थी, आणि ‘खारीला तीन पट्टे असतात’ हे पाठ असल्यामुळे न मोजणारा विद्यार्थी, यांच्यात सगळे अंतर आहे.

यानंतर मांजरे. यमुनेच्या काठच्या गवतात किंवा असोला भट्टी अभयारण्याच्या कडेला दिसणारे रानमांजर घरच्या मांजरापेक्षा उंच, लांब पायांचे आणि वाळूच्या रंगाचे असते. अंगावर ठिपके नाहीत, पायांवर पुसट पट्टे, कानाच्या टोकाला काळ्या केसांचा छोटा झुपका, आणि शेपूट आखूड. शेपटीचा हा आखूडपणा लांबूनही कळतो. पिल्लांचे प्रकरण अधिक नाजूक. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके असतात, ती मोठी होताना फिके पडतात. शेतात अशी पिल्ले सापडली की त्यांना बिबट्याचे बछडे समजून उचलून आणले जाते. जुन्नर-अकोल्याच्या उसात हे शिकायला महाराष्ट्राला बराच काळ लागला. ऊसतोडणीत सापडलेली बिबट्याची पिल्ले जागच्या जागी ठेवून आईकडे परत जाऊ द्यायची, हे आता तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. पण त्याआधी ती पिल्ले कोणाची आहेत हे ठरवावेच लागते, आणि तो निर्णय वीस मिनिटांत घ्यायचा असतो.

घराच्या छपरात, वातानुकूलन यंत्राच्या नळकांड्यात, कार्यालयाच्या खोट्या छतात खुडबुड करणारा प्राणी म्हणजे दिल्लीकरांचा ‘बिज्जू’. हे नाव हिंदीत उदमांजरालाही लावतात आणि चांदी अस्वल या पूर्णपणे वेगळ्या प्राण्यालाही; त्यातून थडगी उकरणाऱ्या ‘कबर बिज्जू’च्या कथा निघतात आणि फळे खाणारे बापडे उदमांजर विनाकारण बदनाम होते. मराठीत आपण त्याला ‘मांजर’ म्हणतो, तेही खरे नाही. खवल्या मांजर तर मांजरापासून त्याहूनही कितीतरी दूर आहे. उदमांजर आणि जवादी यांच्यातील गोंधळ सोडवायला शेपूट पाहावी: जवादीच्या शेपटीवर ठळक कडी असतात, उदमांजराच्या नसतात. आणि प्राणी न दिसताही गच्चीवर पडलेली, न पचलेल्या बियांनी भरलेली विष्ठा उदमांजराचा पत्ता देते. विष्ठेकडे नाक मुरडणाऱ्याने सस्तन प्राण्यांचा नाद करू नये.

ठशांचे शास्त्र मोहक आहे आणि म्हणूनच धोक्याचे. प्राथमिक नियम सर्वांना ठाऊक असतो: कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, मांजरकुळाच्या ठशात नाहीत. पण चिखलात घसरलेला बिबट्याही नखे रोवतो. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून कुनोत चित्ते आले आहेत, आणि चित्त्याची नखे पूर्णपणे आत जात नसल्याने ठशात दिसतात. म्हणजे भारतापुरता हा नियम पुन्हा अपवादासह शिकवावा लागणार. अधिक भरवशाची खूण तळव्याच्या मागच्या कडेला असते. मांजरकुळात तिथे तीन गोलसर उंचवटे दिसतात आणि चारही बोटांची मांडणी किंचित तिरपी असते. कुत्र्याचा ठसा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. तरसाच्या ठशात नखे असतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो.

इतके असूनही ठशावर किती भार टाकायचा, हे सांगणारी देशातली सर्वांत मोठी गोष्ट राजधानी क्षेत्रातच घडली. सरिस्का व्याघ्रप्रकल्प अलवर जिल्ह्यात आहे आणि अलवर राजधानी क्षेत्रात मोडतो. तेथील वाघ अनेक वर्षे पावलांच्या ठशांवरून मोजले जात. १९६० च्या दशकात सरोजराज चौधरी यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत प्रत्येक वाघ त्याच्या ठशावरून वेगळा ओळखता येतो, असे गृहीत धरलेले होते. वास्तवात त्याच वाघाचा ठसा धुळीत वेगळा, ओल्या वाळूत वेगळा, आणि तो काचेवर उतरवून घेणाऱ्या हातागणिकही वेगळा. उल्हास कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या पद्धतीवर सविस्तर शास्त्रीय टीका केली. तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. सरिस्काच्या कागदांवर डझनाहून अधिक वाघ नांदत राहिले आणि २००५ च्या सुरुवातीला उघड झाले की तिथे एकही वाघ शिल्लक नाही. शिकाऱ्यांनी ते संपवले होते. मोजणारे ठसे मोजत होते. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅपवर आधारलेली पद्धत आली, ज्यात वाघ अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखला जातो, आणि २००८ मध्ये रणथंबोरहून सरिस्कात वाघ आणून सोडावे लागले.

ठशावरून ‘मांजरकुळातील मोठा प्राणी’ म्हणता येते. ‘बिबट्या’ म्हणणे बहुधा योग्य ठरते. ‘हाच तो बिबट्या’ म्हणणे मात्र पुराव्याच्या पलीकडे जाते. ओळखीच्या या पायऱ्या असतात आणि कोणत्या पायरीवर थांबायचे हे जाणणे हा फील्ड गाइड वापरण्यातला सर्वांत अवघड भाग आहे. विद्यापीठांतून तो शिकवलाच जात नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक नमुन्याला जातीचे नाव लिहावे लागते. ‘कुळ निश्चित, जात अनिश्चित’ असे उत्तर लिहिणाऱ्याला गुण मिळत नाहीत. मग तोच विद्यार्थी पुढे एखाद्या निरीक्षण-अॅपवर प्रत्येक पुसट छायाचित्राला बेधडक नाव देतो, त्याला दोघे-तिघे दुजोरा देतात आणि नोंद पक्की होते. अॅप सुचवते ते नाव हा प्रस्ताव असतो, निवाडा नव्हे. छायाचित्र कुठे, कधी, किती अंतरावरून घेतले आणि आकार कशाशी ताडून ठरवला, या चार गोष्टी सोबत नसतील तर यंत्राचा अंदाज आणि शेजाऱ्याचा अंदाज यांत फारसे डावे-उजवे करता येत नाही. आता तर बिबट्याची कृत्रिम चित्रेच यंत्राकडून बनवून समूहांवर सोडली जातात. त्यांत ठिपक्यांची मांडणी, सावलीची दिशा आणि पंजाची बोटे तपासावी लागतात.

पुस्तक कुठे थकते याचे ताजे उदाहरण पल्ल्याचे आहे. मे २०२५ मध्ये उत्तर दिल्लीतील पल्ला भागात यमुनेच्या पूरमैदानात लांडग्यासारखा एक प्राणी छायाचित्रात टिपला गेला. दिल्लीत लांडगा दिसणे ही मोठीच बातमी. मथळ्यांनी प्रश्नचिन्ह गाळून टाकले. काही तज्ज्ञांनी मात्र कुत्र्याशी संकर झाल्याची शक्यता बोलून दाखवली. ही शंका काढण्यामागे कारण होते, आणि ते पुण्याजवळच्या माळरानांतून आलेले होते. तिथे पिवळसर, लांडग्यापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या प्राण्यांचे नमुने ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ आणि बंगळूरच्या संशोधन संस्थांनी तपासले आणि लांडगा-कुत्रा संकर जनुकीय पुराव्याने सिद्ध झाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. माळ आक्रसला, कचऱ्याचे ढीग वाढले, भटकी कुत्री बेसुमार झाली की लांडग्याला जोडीदार म्हणून कुत्राच भेटतो. फील्ड गाइडमधील लांडगा शुद्ध असतो. माळावरचा तसा असेलच याची आता खात्री नाही. इथे चित्र, नकाशा, ठसा सगळे थांबते आणि केस किंवा विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. पल्ल्याच्या प्राण्याबद्दल ‘लांडगा अथवा संकरित’ इतकीच नोंद करणे हे ज्ञानाची कमतरता दाखवत नाही, काम नीट झाल्याचे दाखवते.

लहान प्राण्यांच्या बाबतीत तर पुस्तक बहुतेक वेळा पहिल्याच पानावर थकते. भारतातील निम्म्याहून अधिक सस्तन जाती म्हणजे वटवाघळे आणि कृंतक. जनपथावरच्या झाडांना लटकणारे मोठे फळभक्षी वटवाघूळ कोणीही ओळखील. पण संध्याकाळी दिव्याभोवती गिरक्या घेणाऱ्या छोट्या कीटकभक्षी वटवाघळाची जात ठरवायला पुढच्या हाताच्या हाडाची लांबी, दात किंवा ध्वनिमुद्रित आवाज लागतो. अशा ठिकाणी छायाचित्रावरून जात सांगणाऱ्याकडे संशयाने पाहावे. मात्र घरातली एक ओळख प्रत्येकाला जमायला हवी. भिंतीच्या कडेने चुक् चुक् करत जाणारी, लांब सोंडेसारख्या नाकाची, बारीक डोळ्यांची चिचुंद्री ही उंदीर नव्हे. ती कृंतकच नव्हे. ती झुरळे आणि किडे खाते. उंदरांसाठी ठेवलेले विष तिच्याही जिवावर उठते, आणि मग झुरळांसाठी दुसरे विष आणावे लागते.

दिल्लीच्या शाळांमध्ये इंग्रजी फील्ड गाइड घेऊन निसर्गफेरीला जाणारी मुले आहेत. पण वनविभागाला दूरध्वनी करणारा इमारतीचा पहारेकरी, रात्रपाळीचा हवालदार, यमुनेच्या काठावर भाजी पिकवणारा शेतकरी यांच्या हाती त्यांच्या भाषेत काय आहे? राजधानी क्षेत्रात दिसू शकणारे वीस प्राणी, प्रत्येकाची माणसाच्या गुडघ्याशी किंवा कमरेशी ताडलेली उंची, शेपटीची एक रेघ, खऱ्या मापाचा ठसा आणि स्थानिक नावे, इतकी हिंदी पुस्तिका सोळा पानांत बसते आणि खिशातही बसते. मारुती चितमपल्ली यांनी जंगलातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची नावे आयुष्यभर वेचली; मराठीत तशी पुस्तिका करणाऱ्याला शब्दांसाठी दूर जावे लागणार नाही. तरस, खोकड, रोही, बाऊल, वाघाटी ही नावे अजून बोलली जातात. जुन्नरसाठी वेगळी, चंद्रपूरसाठी वेगळी, सिंधुदुर्गासाठी वेगळी अशी जिल्हावार पुस्तिका हवी, कारण दोडामार्गच्या शेतकऱ्याला नीलगायीचे पान नको आणि वर्ध्याच्या शेतकऱ्याला ते सर्वांत आधी हवे. शेवटचे पान कोरे ठेवावे: तारीख, वेळ, ठिकाण, कशावरून ओळखले, आणि खाली दोन चौकटी, ‘खात्री आहे’ आणि ‘खात्री नाही’.